अर्ध्या फेरीत अडलेलं इंजिन
(घरची यंत्रं, घरची दुरुस्ती : भाग ६)

इकडे ओहायोत एप्रिलमध्ये गवत तरारून वर येतं आणि हिवाळाभर शेडमध्ये पडून असलेला लॉन ट्रॅक्टर नेमका तेव्हाच रुसतो. किल्ली फिरवून काहीच हूं की चूं नसेल, तर आधी ब्रेक पूर्ण दाबलाय का आणि पात्यांचा खटका बंद आहे का, ते पाहायचं. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, त्याला बहुधा शिळं पेट्रोल कारण असतं. त्याबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलं.

आज तिसरी तऱ्हा. किल्ली फिरवली की 'घुंऽऽ' करत इंजिन अर्धी फेरी घेतं आणि भिंतीला धडकल्यासारखं थबकतं. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, बॅटरी उतरली. मीही नवी आणली. फरक शून्य! मग स्टार्टर बदलला, तरी तेच. मीटर लावूनही फसायला होतं. स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवणारी चांगली बॅटरीसुद्धा अडलेल्या स्टार्टरमुळे दबतेच.

खरी परीक्षा फुकटात होते. प्लग काढा, त्याची वायर भोकापासून लांब अडकवा आणि किल्ली फिरवा. आता इंजिन भिंगरीसारखं फिरलं, तर बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष.

मग अडतं कुठे? विहिरीवरचं हँडल मारायचं डिझेल इंजिन आठवा. एकजण हँडल फिरवायचा, वेग आला की डीकॉम्प्रेशनची दांडी पाडायची. दांडी उचललेली असताना व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, दाब निसटतो, म्हणून हात चालतो. जुन्या बुलेटलाही तसा लिव्हर होता. लॉन ट्रॅक्टरच्या अर्ध्या लिटरच्या एकसिलिंडरी इंजिनात हीच दांडी कॅमशाफ्टवर बसवलेली असते, एका इवल्याशा उंचवट्याच्या रूपात. कमी वेगात तो व्हॉल्व्हला जरासा उचलतो, इंजिनाने पेटून वेग घेतला की आपोआप मागे सरतो. पण झीज होऊन किंवा नट सैल पडून टॅपेटची फट वाढली, की तेवढी उचल फटीतच जिरते. व्हॉल्व्ह हलतच नाही आणि स्टार्टर पूर्ण दाबाशी झुंजत बसतो.

म्हणजे काम टॅपेट सेटिंगचं. इंजिन गार हवं. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर हलकेच धरून फ्लायव्हील हाताने फिरवा. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन माथ्यावर आणा आणि तिथून साधारण ६ मिमी खाली उतरू द्या. माथ्यावरच मोजलं तर तो उंचवटाच मध्ये येऊन माप चुकवू शकतो. इनटेकला ०.०८ ते ०.१३ मिमी, एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८ ही अमेरिकेतल्या बऱ्याच एकसिलिंडरी इंजिनांची मापं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळी असतील तर तीच पाळा. फट मोजायच्या फिलर गेजचं पातं किंचित अडखळत सरकलं पाहिजे. नट आवळताना फट हमखास बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. माझा पहिला प्रयत्न इथेच वाया गेला.

फट बरोबर असूनही अडत असेल, तर कॅमवरची ती योजनाच मोडलेली असू शकते. त्यासाठी इंजिन उघडावं लागतं. ते मी मेकॅनिककडे देतो.

माझ्या एक्झॉस्टच्या फटीत अर्ध्या मिमीचं पातं खुळखुळत होतं. सेटिंग केल्यावर जुनी बॅटरी परत लावली आणि पहिल्याच किल्लीत इंजिन सुरू झालं. नवी बॅटरी अजून शेडमधल्या फळीवर आहे.

पुढच्या आठवड्यात : कार्ब्युरेटरखालचा सोलेनॉइड