सांगाड्याचे मेज : कमी खर्चात सपाट पातळी

बोईसर स्थानकावर उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाले, की रस्त्याकडेच्या एखाद्या शेडमध्ये वेल्डिंगचा निळा-पांढरा लखलखाट हमखास दिसतो. कुठे टेंपोचा हौदा, कुठे ट्रॅक्टरची ट्रॉली, तर कुठे लोखंडी फाटक तयार होत असते. १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र तारापूरला सुरू झाले. पुढे या परिसरात कारखानदारी वाढली आणि तिच्या जोडीने लोखंड कापणारे, वाकवणारे, जोडणारे हातही वाढले.

आता या कामात विद्यार्थीही उतरले आहेत. २००७ साली मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी खाचखळग्यांतून धावणारी छोटी गाडी स्वतः तयार करायची, अशी ही स्पर्धा. सुमारे इंचभर व्यासाच्या पोलादी नळ्या जोडून गाडीचा सांगाडा करतात. पैसे बेताचे, जागा अपुरी. मग पुष्कळदा हे काम सिमेंटच्या जमिनीवरच उरकले जाते. सांगाडा दिसतो ठीक, पण चाके बसवल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागते. असे का बरे होते? आणि थोड्या खर्चात ते टाळता येईल का?

एका अंशाची किंमत

समजा, सांगाडा किंचित वाकडा झाल्यामुळे एका चाकाचे तोंड १ अंशाने वळले आहे, पण गाडी सरळच जात आहे. १ अंशाची ज्या सुमारे ०.०१७५ असते. म्हणजे गाडी १ किलोमीटर पुढे गेली, की ते चाक सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. बोईसर ते पालघर अंतर साधारण १२ किलोमीटर धरले, तर एका फेरीत टायर २१० मीटर फरफटत गेल्यासारखे होते! टायर झिजते ते निराळेच. पण चौकटच पिळलेली असेल, तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील चाकांवर भार जास्त आणि उरलेल्या दोघांवर कमी पडतो. ब्रेक दाबताच कमी भाराचे चाक आधी जाम होते आणि गाडी फिरू पाहते. तेव्हा सांगाडा सरळ असणे हा निव्वळ देखणेपणाचा प्रश्न नाही. गाडीत बसणाऱ्याच्या जिवाचा आहे.

लोखंड वाकते का?

वेल्डिंगच्या ठिणगीजवळ पोलाद वितळते, म्हणजे त्याचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसला पोचते. मात्र चार बोटे पलीकडचे पोलाद त्या मानाने थंडच असते. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो. भोवतालचा थंड भाग त्याला जागा देत नाही. या ओढाताणीचा हिशोब आपल्याला करता येईल.

पोलाद १ अंशाने तापले, की त्याची लांबी दर मीटरला ०.०१२ मिलिमीटरने वाढते. साध्या नरम पोलादावर दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन ताण आला, की ते कायमचे विरूप होऊ लागते. त्याचा यंग गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००,००० न्यूटन आहे. २५० ला २,००,००० ने भागले, की ०.००१२५ येते, म्हणजे मीटरमागे १.२५ मिलिमीटर. एवढे प्रसरण व्हायला तापमान किती वाढावे लागेल? १.२५ ला ०.०१२ ने भागा. उत्तर येते सुमारे १०४ अंश!

म्हणजे पोलादाला दोन्हीकडून घट्ट अडवून केवळ शंभरेक अंशांनी तापवले, तरी ते आतल्या आत कायमचे दबू लागते. वेल्डिंगमध्ये तर तापमान त्याच्या कितीतरी पट वाढते. दबलेला भाग निवताना आकसतो. तो आता मूळच्यापेक्षा आखूड झालेला असतो आणि शेजारच्या भागाला आपल्याकडे खेचतो. ज्या बाजूला वेल्डिंग केले, त्या बाजूला नळी वळते ती यामुळे. जोडाशी नळी १ अंशाने वळली, तर १ मीटर लांबीवर तिचे टोक साडेसतरा मिलिमीटर सरकते.

ही ओढ नाहीशी करता येत नाही, पण तिला आवर घालता येतो. त्यासाठी नळ्या एखाद्या ताठ आणि सपाट वस्तूला घट्ट पकडून ठेवायला हव्यात. सिमेंटच्या जमिनीला क्लँप लावता येत नाही; शिवाय उष्णतेने तिच्यातील ओलाव्याची वाफ होऊन कपचे उडतात. लाकडी मेज पेट घेते. म्हणून मेज लोखंडाचेच हवे.

जाड पत्रा की चॅनेल?

२.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड पत्रा आणला तर? पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलोग्रॅम. हिशोब केला, की वजन २७१ किलोग्रॅम भरते. आणि एवढे करूनही तो वाकतोच, कारण वाकण्याला होणारा विरोध वस्तूच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतो. फूटपट्टी आडवी धरून वाकवा आणि मग उभी धरून वाकवून पाहा. फरक लगेच कळेल.

म्हणून पत्र्याऐवजी १०० मिलिमीटर उंचीचे चॅनेल घ्यावेत. लांबीच्या दिशेने २.४ मीटरचे तीन, आणि त्यांच्याखाली दोन टोकांना १.२ मीटरचा एकेक आडवा. एकूण लांबी ९.६ मीटर होते. मीटरला सुमारे साडेनऊ किलोग्रॅम धरले, तर वजन ९१ किलोग्रॅम. पत्र्याच्या एक तृतीयांश. आणि लांबीच्या दिशेने ताठपणा मात्र पत्र्याच्या तीसपटीहून अधिक! पैसा वाचतो तो असा.

चॅनेल भंगारातलेही चालतात, पण ते पिळलेले नसावेत. याची परीक्षा सुतार करतात तशी करावी. दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एक डोळा मिटून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे पाहा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर चॅनेल घ्यावा, नाही तर सोडून द्यावा.

मेजच वेल्डिंगने जोडले तर तेही वाकेल, हे आता तुमच्या लक्षात आले असेलच. म्हणून ते नट-बोल्टने जोडावे. चॅनेलच्या पाकळीची आतली बाजू उतरती असते, तेव्हा तिथे तिरपा वॉशर घालावा. एखादा चॅनेल खाली राहिला, तर सांध्यात पातळ पत्र्याचा तुकडा सारून तो उचलता येतो.

काटकोनासाठी कर्ण मोजावेत. २.४ आणि १.२ मीटर बाजूंच्या आयताचा कर्ण, पायथागोरसच्या प्रमेयानुसार, २.६८३ मीटर. समोरासमोरच्या बाजू समान आणि दोन्ही कर्णही समान असले, की चारही कोन काटकोन झाले.

तंगुसाने पातळी

तिपाई कधी डुगडुगत नाही, चौपाई डुगडुगते. कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते, चौथा बिंदू त्यात असेलच असे नाही. आपल्या मेजाला चार पाय आहेत. प्रत्येक पायाखाली १६ मिलिमीटर व्यासाचा एक बोल्ट बसवा. त्याचे आटे २ मिलिमीटर अंतरावर असतात. नट सहा बाजूंचा. तो एका बाजूइतका फिरवला, की मेज २ चा सहावा भाग, म्हणजे सुमारे ०.३३ मिलिमीटर वर किंवा खाली सरकते.

प्रथम तीन कोपरे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने एका पातळीत आणावेत. पारदर्शक नळीत पाणी भरले आणि दोन्ही तोंडे उघडी ठेवली, की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर येते. मात्र नळीत बुडबुडा राहता कामा नये. या रीतीने मिलिमीटरभर चूक राहू शकते.

चौथ्या कोपऱ्यासाठी मासेमारीचा तंगूस कामाला येतो. सातपाटीपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर तो सहज मिळेल. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन तंगूस कर्णांप्रमाणे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम टेकले आणि वरचा खाली, खालचा वर अशी अदलाबदल करूनही जेमतेमच टेकले, तर चारही कोपरे एका प्रतलात आहेत. फट राहिली किंवा एक दुसऱ्याला दाबू लागला, तर मेज पिळलेले आहे. एक कोपरा १ मिलिमीटर वर असेल, तर त्या कर्णाचा मध्य अर्धा मिलिमीटर वर येतो. हॅक्सॉचे पाते सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असते. ते फटीतून सहज गेले, तर कोपरा १.२ मिलिमीटरहून अधिक चुकला आहे असे समजावे. मग चौथ्या पायाचा नट फिरवावा. चॅनेलची चौकट ताठ असली तरी पीळ सहज घेते. म्हणून प्रत्येक कामाआधी तंगूस पुन्हा लावून पाहावा.

जोडताना

नळ्या मेजाला क्लँपने पकडून आधी सगळीकडे नुसते टाके मारावेत. मापे पुन्हा घ्यावीत. मग एका जोडाचे काम झाले, की समोरच्या बाजूचा जोड घ्यावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ एकमेकींना तोलून धरते. सांगाडा पुरता निवेपर्यंत क्लँप सोडू नयेत. मोजमापही निवल्यावरच करावे. २ मीटरची नळी १०० अंशांनी तापलेली असेल, तर ती २.४ मिलिमीटर लांब भरते. पोलादी टेप मात्र दुपारच्या उन्हात दगा देत नाही. नळी आणि टेप एकाच तापमानाला असतील, तर दोन्ही सारख्याच वाढतात!

दोन गोष्टी विसरू नका. वेल्डिंगच्या प्रकाशातील जंबुपार किरणांनी डोळ्यांना इजा होते. काळ्या काचेशिवाय त्याकडे पाहू नये आणि जाणत्या माणसाखेरीज हे काम करू नये. तसेच स्वस्त मिळते म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली नळी वापरू नये. तिच्या धुराने ताप येतो.

करून पाहा

मेज बांधायचे नसले, तरी तंगुसाचा प्रयोग आजच करता येईल. वर्गातील एखाद्या टेबलाच्या चार कोपऱ्यांवरून दोन दोरे कर्णांप्रमाणे ताणा. मध्ये फट दिसते का? असल्यास ती मोजा आणि चौथा कोपरा किती चुकला आहे ते काढा. मग टेबल डुगडुगते ते त्याच्या पायांमुळे की जमिनीमुळे, हे टेबल जागेवरच वळवून ठरवता येईल का, याचाही विचार करा.