प्रकार-अनुमान : व्याकरणातील आणि संगणकातील

पुढील वाक्य वाचा : ‘रिसोडच्या शेतकऱ्याने यंदा पेरली.’ काय पेरले, हे येथे लिहिलेले नाही. तरीही ते सोयाबीन नव्हे आणि हरभराही नव्हे, हे आपणांस कळते. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. म्हणून ‘पेरली’ या रूपास तूर किंवा ज्वारी चालते. शिवाय कर्म पेरण्याजोगे हवे, ही अर्थाची अट आहेच. ‘भाकरी’ स्त्रीलिंगी असली तरी येथे बसत नाही.

संगणकाच्या अनेक भाषांत असेच घडते. तेथे प्रत्येक मूल्याला प्रकार असतो : संख्या, मजकूर, दिनांक. ‘यादीतील सर्वांत मोठे मूल्य शोधा’ ही कृती प्रत्येक प्रकारासाठी वेगळी न लिहिता, प्रकाराची जागा मोकळी ठेवून एकदाच लिहिता येते. या लेखनास ‘जेनेरिक’ म्हणतात. जावा भाषेत ही सोय २००४ मध्ये आली. मोकळ्या जागी काहीही मात्र चालत नाही. मूल्ये परस्परांशी तुलनीय हवीत, या अटीस प्रकारबंधन म्हणावे. दिलेल्या मूल्यांवरून कंपायलरने प्रकार स्वतः ताडणे, हे प्रकार-अनुमान. त्याची पद्धत रॉजर हिंडली (१९६९) आणि रॉबिन मिल्नर (१९७८) यांनी स्वतंत्रपणे मांडली.

‘पेरली’ हे नपुंसकलिंगी अनेकवचनही असू शकते : ‘बियाणी पेरली’. अशा वेळी आपण संदर्भ पाहतो. कंपायलरला प्रकार निश्चित करता आला नाही, तर तो बहुधा थांबतो आणि प्रकार लिहून मागतो. हे थांबणे उपकारकच आहे.

धोका असतो तो तो न थांबण्यात. समजा, बाजारभावाच्या यादीत सोयाबीन ४८०० आणि तूर १०२०० असे दर आहेत, पण ते अवतरणचिन्हांत लिहिले गेले. कंपायलर त्यांना मजकूर समजतो. मजकूरही तुलनीय असतो, म्हणून बंधन पाळले जाते. तक्रार येत नाही. मजकुराची तुलना पहिल्या चिन्हापासून होते. चार एकापेक्षा मोठा, म्हणून ४८०० हा सर्वाधिक दर ठरतो! येथे अनुमान चुकलेले नाही. आपण लिहिले तेच त्याने वाचले, आपल्या मनातले नव्हे. म्हणून बाहेरून आलेली माहिती जेथे स्वीकारली जाते, तेथे ‘संख्या’ हा प्रकार स्पष्ट लिहावा आणि मजकुराचे संख्येत रूपांतर करून घ्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी : ‘त्याने बाजारात विकला.’ सोयाबीन, हरभरा, तूर, गहू यांपैकी येथे काय संभवते? कारण लिहा.