पडद्यावरचा चेहरा, पडद्यामागचा गळा
संगीत नाटकावरच्या चित्रपटात गाण्याची दाद नेमकी कोणाची, हे आधी ठरवावे लागते. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकात वसंतराव देशपांडे अभिनय आणि गाणे दोन्ही पेलत. त्यावरच्या २०१५च्या चित्रपटात सचिन पिळगांवकरांना वसंतरावांचे नातू राहुल यांचा, तर सुबोध भावेंना महेश काळेंचा आवाज लाभला. काळेंना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटात भूमिकाही करणारे शंकर महादेवन मात्र स्वतःच गायले. उसन्या गळ्याच्या नटाची परीक्षा ओठांपेक्षा श्वासावर होते: तानेआधी छाती भरते का, समेवर मान नेमकी पडते का. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात नाट्यपदे समोर बसून ऐकलेल्या कानांना चेहरा आणि गळा यांतली फट लगेच जाणवते. याउलट ‘ले मिझेराब्ल’ या संगीतपटात (२०१२) नट चित्रीकरणातच गायले, तिथे कस थेट सुराचा लागतो.