ओठ कसा जुळतो?

तोंड म्हणजे शरीराला पडलेले एक भोक, असे आपल्याला वाटते. गर्भात ते घडते मात्र टप्प्याटप्प्याने.

फलित अंड्याच्या पेशी वाढून गोळा होतो आणि एका जागी पेशी आत वळू लागतात. ही वाट म्हणजे आद्यछिद्र, पहिले भोक. गोगलगायीसारख्या प्राण्यांत बहुधा तोंड त्याच बाजूला येते. तारामासा, बेडूक आणि माणूस यांच्यात ते टोक गुदद्वाराकडे जाते, तोंड नंतर दुसरीकडे होते. कार्ल ग्रोबेन यांनी 1908 मध्ये यावरून प्राण्यांचे दोन गट पाडले: आद्यमुखी आणि द्वितीयमुखी. अपवाद बरेच सापडलेत, तेव्हा हा नियम घोकू नये.

माणसाच्या गर्भात डोक्याखाली एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी बाहेरचा त्वचेचा थर आणि आतला अन्नमार्गाचा थर एकमेकांना चिकटलेले असतात. हे मुखपटल, म्हणजे पातळ पडदा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो फाटतो आणि तोंड घशाला मिळते.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. तोंडाचे सगळे अस्तर अन्नमार्गाचे असते असे नव्हे. पुढचा भाग बाहेरच्या थराचा, दातांवरचे कठीण कवचही त्याचेच. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा पुढचा भागसुद्धा तोंडाच्या छतातूनच वर गेलेला!

आता खळग्याभोवती पाच उंचवटे वाढतात: कपाळाकडून एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. खालचे लवकर जुळतात. वरच्या ओठाचे काम नाजूक. नाकाखालची पन्हळ मधल्या भागातून होते आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे येऊन तिला मिळतात. सातव्या आठवड्याच्या आसपास हे उरकते. एखादी बाजू मिळायची राहिली की ओठ दुभंगलेला राहतो. म्हणून ती फट बहुधा पन्हळीच्या बाजूला दिसते, मधोमध नाही.

टाळू त्यानंतर. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होऊन मध्ये जुळतात. बाराव्या आठवड्यापर्यंत हे पुरे होते. जबडा लहान राहून जीभ वरच अडकली, तर टाळूला फट राहते.

ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आपल्याकडे अजून बोलतात. पण पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाने, सातव्या आठवड्यातच पुरा झालेला ओठ कसा फाटणार? आईला बोल लावणे थांबवा.

असे बाळ जन्मले तर पहिली अडचण दूध ओढण्याची येते. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची त्यानंतर. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे; सरकारी रुग्णालयात चौकशी करा.