आरत्यांच्या जोरावर मन्सूर

आमच्या दुकानात मल्लिकार्जुन मन्सूर टिकून होते ते गणपतीच्या आरत्यांच्या जोरावर. गिऱ्हाइकांना हे कधी कळलं नाही. दादर पश्चिमेच्या त्या चिंचोळ्या गाळ्यात दर्शनी फळीवर शास्त्रीय संगीत मांडलेलं असायचं, पण वर्षाची कमाई व्हायची ती श्रावण ते मार्गशीर्ष. आरत्या आणि अथर्वशीर्ष, दिवाळीत भेट द्यायला अभंगवाणी, मार्गशीर्षातल्या गुरुवारची कहाणी. शिवाय बारमाही खपणारी सत्यनारायणाच्या पूजेची कॅसेट. भटजी मिळाले नाहीत की लोक ती लावून पूजा उरकत. या सगळ्यातून सुटलेला पैसा मालक मन्सूरांच्या अनवट रागांत घालायचे. मालकांना आम्ही आणि गिऱ्हाइकंही काकाच म्हणायचो. एखादी कॅसेट दोन-दोन वर्षं फळीवर बसून राहायची. विचारलं की म्हणायचे, “अरे, तिचं गिऱ्हाईक यायचंय अजून.” आणि यायचं.

मी संध्याकाळी काउंटरवर उभा राहायचो. काउंटरखाली एक लांबट वही होती. कोणाला काय हवंय आणि मिळालेलं नाही, ते तिच्यात लिहिलेलं. नावं मात्र क्वचित. ‘मारवावाले’, ‘शिवाजी मंदिरच्या आजी’, ‘लालबागचे बुवा’ अशा नोंदी. माल आला की काका आधी वही उघडायचे, मग खोकं.

त्यातले मारवावाले बँकेत होते. ख्यालाशिवाय काही ऐकायचे नाहीत. बुवांची आयुष्यभराची नोकरी गिरणीत गेलेली, आणि भजनाचा नाद कोकणातून आणलेला. ते डबलबारीच्या कॅसेट्स घ्यायला यायचे. एका शनिवारी दोघे काउंटरपाशी एकाच वेळी आले आणि बुवांची कॅसेट लावलेली ऐकून मारवावाले म्हणाले, “लय फारच चढी आहे हो, सूर कुठे ठरतोय?” बुवा संतापले. म्हणाले, “साहेब, समोरचा बुवा उत्तराला टपून बसलेला असतो, तिथे तुमच्यासारखं अर्धा तास षड्जावर बसून चालत नाही.” वाद इतका वाढला की काकांनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि चहा मागवला. गोकुळाष्टमीला मारवावाले लालबागच्या चाळीत रात्रभर बारी ऐकत बसले. पुढच्या आठवड्यात बुवांनी मारव्याची कॅसेट नेली. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, “संध्याकाळी लावली. जीव कासावीस होतो.” मारव्याबद्दल याहून नेमकं मी कोणाकडून ऐकलेलं नाही.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस ६ डिसेंबर, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर राज्यभरातून माणसं यायची, रांगा शिवाजी पार्कभोवती वळसे घ्यायच्या. काका पहाटेच दुकान उघडायचे. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेट्स पुढे यायच्या. मन्सूर त्या दिवशी मागच्या फळीवर. गावाकडचा माणूस एकच कॅसेट न्यायचा, पण ती सगळ्या वस्तीसाठी असायची, कर्ण्यावर लावायला. म्हणून तो ती आधी पूर्ण ऐकून घ्यायचा, दोन्ही बाजू, आणि आम्ही ऐकवायचो. परभणीकडचे एक गृहस्थ दरवर्षी एका शाहिराची कॅसेट मागायचे. कंपनी लहान होती, बंद पडलेली. ते मागायचे म्हणजे काउंटरवर बोटांनी ठेका धरून अख्खं कवन म्हणून दाखवायचे. काकांना ती कॅसेट कुठल्याशा जुन्या विक्रेत्याच्या गोदामात सापडली. वर्षभर सांभाळून त्यांच्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पाश्चात्त्य संगीत आमच्याकडे नव्हतंच. कोणी बाख किंवा जॅझ मागितलं की काका मला लोकलने काळ्या घोड्याला पाठवायचे, ऱ्हिदम हाऊसला. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरचं १९४८ सालचं ते दुकान म्हणजे या धंद्याचं मोठं घराणं. घेण्याआधी रेकॉर्ड ऐकून पाहायला तिथे केबिन असायच्या, मैफलींची आणि नाटकांची तिकिटं मिळायची. शेजारच्या वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसत, आणि जहांगीरमध्ये समोवार कॅफे होतं. माणसं गाणं, चित्रं आणि चहा एका फेरीत उरकायची. वेसाइड इन गेलं, २०१५ मध्ये समोवार बंद झालं आणि फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस ऱ्हिदम हाऊस. शेवटच्या दिवसांत तिथे उसळलेली गर्दी पाहून आलो आणि काकांना सांगितली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी वही काढून पानं मोजली. कोऱ्या पानांची संख्या भरलेल्या पानांपेक्षा जास्त होती. नवीन नोंदच बरेच दिवस झाली नव्हती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपट आला तेव्हा थोडे दिवस जुनी रया परतली होती. सिनेमा पाहून आलेली तरुण मुलं वसंतराव देशपांड्यांचं मूळ गाणं मागत होती. काकांनी घाईने माल भरला. एप्रिल २०१६ च्या शेवटी ‘सैराट’ आला. मराठीत इतकी वाजलेली गाणी माझ्या पिढीने पाहिली नव्हती. वरातीत तीच, रिक्षात तीच, आणि आमच्या काउंटरवर जवळजवळ शुकशुकाट. शेजारच्या मोबाइल रिचार्जवाल्याकडे मात्र रांग. तो मेमरी कार्डात अख्खा संग्रह भरून द्यायचा. पोरं आमच्याकडे येऊन प्रामाणिकपणे विचारायची, “काका, तुम्ही नाही का टाकून देत?” मी चोरट्या नकलांवर चिडायचो, अजूनही चिडतो. पण त्या पोरांचा दोष नव्हता. त्यांच्या हातात गाणं ऐकायचं यंत्र एकच होतं, आणि त्यात आमचा माल जात नव्हता.

दुकान बंद व्हायला तेवढंच कारण नव्हतं. न खपलेला माल पूर्वी कंपनीकडे परत जायचा. तो परत घेणं थांबलं तेव्हाच दुकानाला धाप लागली. नंतर पगडीच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला. नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, पण मधल्या वर्षांत चालवायचं काय आणि कुठे? काकांनी दिवाळीनंतर गाळा सोडला.

शेवटच्या महिन्यात त्यांनी सेल लावला नाही. वहीतल्या माणसांना एकेक करून बोलावलं. आजी नाट्यपदं घेऊन गेल्या. मारवावाल्यांनी मन्सूर नेले आणि बुवांनी स्वतःसाठी काहीच न घेता मंडळातल्या पोरांसाठी डबलबारीचा सगळा गठ्ठा बांधून घेतला.

उरली ती लहान कंपन्यांची ट्रंक. त्यात शाहिरांचे जलसे, भारुडं, गोंधळ, भीमगीतं होती. मोठ्या कंपन्यांचं गाणं कुठे ना कुठे राहील, त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं सांभाळली गेलीत. या लहान कंपन्या मुद्रणं करून विरून गेल्या. त्यांतल्या कित्येक शाहिरांचा आवाज त्या प्लास्टिकच्या डबीशिवाय आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही. मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, पांढरे ठिपके येतात, मग ती डेकच्या हेडला घासून तुटते. काकांना ही काळजी दुकानाहून मोठी होती.

आमच्याकडे भीमगीतं घ्यायला येणारा कुर्ल्याचा एक तरुण इलेक्ट्रिशियन होता. ट्रंक त्याला दिली. त्याने जुना डेक दुरुस्त केला आहे आणि रविवारी एकेक कॅसेट संगणकावर उतरवतो. शाहिराचं नाव, गाव आणि कंपनी नीट लिहून ठेवतो, काकांच्याच लांबट वहीत, तिच्या कोऱ्या पानांवर. एखाद्या कॅसेटवर नाव नसलं की तो काकांना फोनवर ती वाजवून ऐकवतो, आणि बहुतेक वेळा काका पहिल्या ओळीतच आवाज ओळखतात. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेट्स पडून आहेत त्यांनी त्या भंगारात देण्याआधी त्याला एक फोन करावा म्हणून तो ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या कडेला सतरंजी टाकून बसतो.