आधी लाट वाचा, मग गळ टाका

लाडू-करंज्यांचे दोन दिवस झाले की मध्यमवर्गीय कुटुंबाला समुद्र आठवतो. काशीद, दिवेआगर, गुहागर किंवा तारकर्ली गाठली जाते. मुले अंगणातला किल्ला सोडून वाळूत नवा किल्ला बांधू लागतात, गृहिणी सुरूच्या सावलीत चटई अंथरतात, आणि घरातले कर्ते पुरुष दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहू लागतात. अशा मंडळींना, आणि त्यांच्याबरोबर घरातल्या सर्वांनाच, एक चांगला उद्योग सुचवायचा आहे : किनाऱ्यावर उभे राहून मासे गरवण्याचा.

गळाने मासे धरण्याला कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. त्याला होडी लागत नाही की खलाशी लागत नाही. दहा-बारा फुटांची फायबरग्लासची काठी, एक रीळ, शे-दीडशे मीटर नायलॉनचा तंगूस, थोडे शिसे आणि लहान गळ एवढे सामान पुरते. काठी नसली तरी अडत नाही. किनाऱ्यावरची पोरे बाटलीला तंगूस गुंडाळतात, शिसे डोक्यावर गरगर फिरवून भिरकावतात आणि मासे धरतात. शिसे दोऱ्याच्या टोकाला बांधावे आणि गळ त्याच्या वीतभर वर, आखूड फांदीसारखा सोडावा. आमिषाला सोललेली कोळंबी, माकुलाची पट्टी किंवा बांगड्याचा तुकडा चालतो.

मासा असतो कुठे?

नवशिक्याला वाटते, जितके दूर फेकू तितका मासा मोठा. मग बिचारा खांदा निखळेपर्यंत जोर लावतो. वस्तुतः उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर मासा बरेचदा पंधरावीस पावलांवर फिरत असतो. प्रश्न अंतराचा नाही, जागेचा आहे.

किनारा वरून सपाट दिसला तरी पाण्याखाली तसा नसतो. लाटा वाळूचे बांध घालतात आणि बांध व किनारा यांच्यामध्ये लांबट घळ पडते. लाट बांधावर फुटते तेव्हा वाळू ढवळली जाते. तिच्यातले किडे, शिंपले, बारीक कोळंबी सुटून घळीत येतात, आणि मासा जेवायला तिथेच येतो. वाळूच्या तळाशी चरणारी मुडदुशी अशा ठिकाणी हमखास असते. तिचे तोंड लहान, म्हणून गळही लहान हवा. बोईचे थवे फिरतात आणि दैव जोरावर असेल तर रावसही भेटतो.

ही घळ ओळखायची कशी? लाट जिथे पांढरी फुटते तिथे पाणी उथळ. जिथे फुटता फुटता विरून जाते आणि पाणी काळपट, गुळगुळीत दिसते तिथे खोल. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

पंचांग बरोबर घ्या

ओहोटीला किनारा आपले पोट उघडे करून दाखवतो. बांध कुठे, घळ कुठे, सारे स्पष्ट दिसते. ते नीट पाहून ठेवावे आणि पाणी चढू लागले की त्याच जागी गळ टाकावा. चढत्या पाण्याबरोबर मासाही चरायला आत येतो.

भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भाऊबिजेला द्वितीया, म्हणजे भरती दीडच्या सुमारास, आणि ओहोटी त्याआधी सव्वासहा तास, सकाळी सव्वासातला. सातला किनारा पाहा, चहा-फराळ करा आणि दहाला गळ टाका. हा हिशेब ठोकळ आहे, गावोगाव थोडा फरक पडतो. पक्की वेळ गावातल्या रापणकरांना विचारावी. त्यांची रापण लागलेली असेल तर त्या जागेपासून दूरच राहावे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीला भांग. दिवाळी येते ती नेमकी उधाणात, म्हणजे पाणी जास्त चढते आणि वेगाने चढते. म्हणून ओहोटीला बाहेरच्या बांधावर जाऊन उभे राहू नये. तुम्ही समोर गळाकडे पाहत असता आणि पाठीमागची घळ मुकाट्याने भरत जाते.

तीच जागा, दुसरा चेहरा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किनाऱ्यावर आलेले पाणी कुठून तरी परत जाणारच. ते घळीतून वाहते आणि बांधाला जिथे खिंड पडली असेल तिथून जोराने समुद्रात शिरते. त्या खिंडीवर लाट फुटत नाही, फेस आणि गढूळ पाणी बाहेर जाताना दिसते. गरवणाऱ्याला ही जागा मोलाची. पण पोहायला आलेल्या पाहुण्याला तीच शांत वाटते, आणि तो लाटा टाळून नेमका तिथेच उतरतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे सहलीला गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. समुद्राचे पाणी हसऱ्या चेहऱ्याचे असते, हे अशा वेळी फार उशिरा कळते. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी मुलांना शेजारी उभे करून खिंड दाखवा आणि सांगा, “इथे मासे, इथे आपण नाही.” कुणी ओढीत सापडलेच तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. अंग सैल सोडून तरंगावे, मदतीसाठी हात करावा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडल्यावर आत यावे.

चार बारीक सूचना

काठी फिरवण्यापूर्वी मागे वळून पाहा. गळाला माशाचे तोंड आणि मुलाचा डोळा यांतला फरक कळत नाही. पाण्यात गुडघ्यापुढे जाऊ नका आणि पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेले पाकट बाजूला सरते. शिंगाळ्याच्या पाठीवरचा व कल्ल्यांजवळचे काटे विषारी असतात. तो गळाला लागला तर हाताने न धरता चिमट्याने सोडवा. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि डॉक्टर गाठावा. बोटभर पिल्ले परत पाण्यात सोडा. तुटलेला तंगूस गोळा करून घरी न्या. हिवाळ्यात वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात, त्यांच्या पायांत तो अडकतो.

पहिल्या दिवशी टोपली बहुधा रिकामीच राहील. त्याची लाज नको. बाजारात कोळीण बसलेली असते आणि मुडदुशी कुठून आली हे तव्याला सांगावे लागत नाही. पण भाऊबिजेच्या सकाळी तुमच्या दहा वर्षांच्या मुलीने पाण्याकडे बोट दाखवून “बाबा, तिथे खोल आहे” असे अचूक सांगितले, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे खुशाल समजा.