संपातले मानकरी

गवयांच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते. मैफल रंगली की शेला गवयाच्या खांद्यावर पडतो. मागे बसून रात्रभर तंबोऱ्यावर सूर धरणाऱ्याला पानसुपारी मिळाली तरी पुष्कळ. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपाविषयी वाचताना मला हे वारंवार आठवले.

मालकांनी दोनांऐवजी तीन माग सांभाळायला लावायचे ठरवले. माणसे कमी, काम जास्त आणि मजुरीवरही कात्री. एप्रिलात दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ६ ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. मवाळ नारायण मल्हार जोशी आणि जहाल डांगे, मिरजकर, निंबकर एकाच संप समितीत बसले, हे त्या काळी नवलच! वादी-संवादी स्वर एका रागात नांदतात, तसेच म्हणा.

या मंडळींची कदर पुढे झाली. जोशींचे नाव डिलाईल रोडला लाभले, मिरजकर १९५८ साली मुंबईचे महापौर झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत राबलेले गृहस्थ. गोविंद कासले हेही कामगारच. सरकारने त्यांची दखल आपल्या रीतीने घेतली: मार्च १९२९ मध्ये डांगे-मिरजकरांबरोबर या दोघांनाही मेरठच्या खटल्यात गोवले. आज आपल्या बैठकीत डांग्यांचे नाव काढले तर चार जण बोलतील. आळव्यांचे काढले तर कोण बोलेल?

बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी संपाच्या पुढाऱ्यांना एक अवघड प्रश्न विचारला. विणकर खात्यात मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर तुटलेला धागा धोट्यात ओवताना तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळे! सर्वांच्या हक्कासाठी लढणाऱ्यांनी हाही हक्क मागावा, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते त्या संपातली खरी कसोटी हीच. पुढाऱ्यांची थोरवी सांगताना ही गोष्ट गाळणे बरे नव्हे.

आणि खाणावळवाल्या? कोकणातले आणि घाटावरचे एकटे गडी त्यांच्याकडे जेवत, पैसे पगाराला देत. पगारच थांबला की चूल कोणाच्या जिवावर पेटायची? त्या बाया आणि उधारी देणारे वाणी कोणत्याही समितीत नव्हते.

आपल्या भोपाळातही १९४९ च्या विलीनीकरणाच्या चळवळीतले पुढारी आपल्याला ठाऊक आहेत. बाजार बंद ठेवून घरी बसलेल्या दुकानदारांची नावे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्यापैकी काहींचे आजोळ परळ-लालबागकडचे आहे. कोणाच्या माळ्यावर त्या काळच्या खाणावळीची उधारीची वही पडली असेल तर ती रद्दीत घालू नये. तीत नावे असतील.